दिवाळीनंतर गाडीने येते आहे

ठाणे, घोडबंदर रोड

तीर्थरूप बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय निघाला की बाबा "बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई "तुझं तू बघ" म्हणून गाडी पावसापाण्याकडे वळवते. म्हणून शेवटी कागद घेतला. दिवाळी झाली की मी केळशीला माझ्या मोटरसायकलने येणार आहे, एकटी. नीलेश आणि चिनू दोन दिवस आधी रेल्वेने खेडला उतरून एसटीने येतील. त्यामुळे जावयाच्या पाहुणचाराला धक्का लागणार नाही आणि फराळाचे डबेही माझ्या आधी पोहोचतील.

आई, भंडारदऱ्याचा फोटो बघून सुलूआत्याने तुला विचारलं ना, "ही एवढं धूड सांभाळते तरी कशी?" प्रश्न अगदी रास्त आहे. हिमालयन ४५० म्हणजे ४५२ सीसीचं, पाण्याने थंड होणारं इंजिन, ताकद ४० पीएस आणि पेट्रोल-ऑइलसकट वजन १९६ किलो. माझी उंची पाच फूट तीन इंच, वजन तुला माहीतच आहे. तरीही या जातीच्या गाड्यांत ही मधल्या आकाराचीच म्हणायची. खाली दोनशे सीसीच्या हलक्या गाड्या आहेत, त्या दगडधोंड्यांत फार गोड चालतात पण हायवेला दमतात. वर हजार-बाराशे सीसीच्या परदेशी गाड्या, किमती वीस लाखांच्या पुढे, आणि त्या पडल्या तर उचलायला गाव गोळा करावं लागतं. मला हायवे हवा होता, कच्चा रस्ता हवा होता आणि पडली तर एकटीने उचलता येईल अशी गाडी हवी होती. म्हणून ही.

उचलण्याचं सांगते, कारण आत्याचा खरा प्रश्न तोच आहे. तू स्वयंपाकघरात भरलेला सिलिंडर हलवतेस तेव्हा उचलत नाहीस, तळाच्या कडेवर कलवतेस आणि गोल फिरवत नेतेस. इथे तसंच आहे, हातांनी काही करायचं नाही. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी पहिला गिअर टाकायचा, म्हणजे ती घरंगळत नाही, आणि साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे उभी केल्यावर पलीकडे जाऊन पडत नाही. हँडल पूर्ण वळवायचं. मग गाडीकडे पाठ करून सीटला कंबर टेकवायची, एक हात हँडलच्या खालच्या टोकाला, दुसरा मागच्या दांड्याला, आणि पाठ ताठ ठेवून पायांनी मागे रेटत छोटी छोटी पावलं टाकायची. सगळं वजन मांड्यांवर येतं. हे मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुनी गादी अंथरून, गाडी मुद्दाम तिच्यावर आडवी करून शिकले. वॉचमनकाका पहिल्यांदा धावत आले, नंतर खुर्ची घेऊन बसायला लागले.

सीट ८२५ मिलिमीटर उंच आहे. थोडी बुटकी सीटही मिळते, ती मी बसवून घेतली. तरी दोन्ही टाचा एकदम टेकत नाहीत, आणि टेकायची गरजही नसते. सिग्नलला एका बाजूला सरकायचं, डावा पाय जमिनीवर, उजवा ब्रेकवर. ज्यांच्या दोन्ही टाचा टेकतात त्यांनीही असंच करावं, म्हणजे थांबताना मागचा ब्रेक सुटत नाही.

बाबा, तुम्हाला आकडे लागतात म्हणून: ऑन-रोड तीन लाखांच्या वर गेली. पैसे माझे, कर्ज नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांचा सेससकट ३१ होता तो ४० झाला. मी त्याआधीच घेतली होती, तेवढं समाधान. टाकी १७ लिटरची आहे, ठाण्यात भरली की केळशीपर्यंत पंपाकडे बघायला नको. पासिंग एमएच ०४.

आता काळजीबद्दल. "काळजी करू नका" असं मी लिहिणार नाही, ते लिहून काही होत नाही. पण तुम्ही दोघं चुकीच्या गोष्टींची काळजी करता, आणि ते मात्र मला बदलायचं आहे. तुम्हाला भीती वाटते ती घाटाची, जंगलाची, एकटेपणाची, गाडीच्या आकाराची आणि वेगाची. मला भीती वाटते ती घरापासून दोन किलोमीटरवरच्या रस्त्याची. घोडबंदर रोड तुम्ही इथे होतात तेव्हाचा राहिलेला नाही. न्हावाशेव्याहून गुजरातकडे जाणारे कंटेनर इथूनच जातात, त्यात मेट्रोचे बॅरिकेड. बॅरिकेड आज जिथे असतो तिथे उद्या नसतो आणि त्याच्या जागी वाळूचा एक पट्टा राहिलेला असतो, वळणावर, नेमका चाक जातं त्या रेषेत. जंक्शनला डांबर संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतात आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर उंचीची कड असते, तिरपी घेतली तर पुढचं चाक पकडून ठेवणारी. जूनच्या पहिल्या सरीत डांबरातलं तेल वर येतं, पांढरे पट्टे साबणासारखे होतात. गायमुखच्या चढावर डंपरमधून सांडलेलं डिझेल दिसत नाही, वासाने कळतं. हे सगळं तासाला वीस-तीसच्या वेगात. माणसं इथे पडतात, हिमालयात नाही.

म्हणूनच ऑफिसला मी ही गाडी नेत नाही. टीएमटीने ठाणे स्टेशन, तिथून ट्रान्सहार्बरने ऐरोली, जशी लग्नाआधी जायचे तशीच. सोसायटीतल्या मुलांना हे फार विनोदी वाटतं, एवढी गाडी आणि बाई लोकलने! मला त्यात काही विनोदी दिसत नाही. दमलेल्या डोक्याने, संध्याकाळी सातला, माजिवड्याच्या पुलाखाली दोनशे किलो सावरत बसण्यासाठी मी ती घेतलेली नाही.

मग कशासाठी घेतली, तर भंडारदऱ्याचंच सांगते. विल्सन डॅमवरून घाटघरकडे वळलं की पुढे तलावाला वळसा घालून रस्ता साम्रदवरून रतनवाडीला, अमृतेश्वराच्या देवळाशी जातो. मध्ये डांबर उखडलेलं, कुठे नुसती खडी. तिथे सीटवर बसून राहिलं की प्रत्येक खड्डा कमरेत येतो. फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या खुंट्यांवर, उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी हलकी धरायची, कोपर थोडे बाहेर, आणि नजर चाकापुढच्या दगडावर नाही तर पुढच्या वळणावर. मग गाडी खाली तिची तिची नाचते आणि आपण वर स्थिर. पुढचं चाक २१ इंची आहे म्हणून ते खड्ड्यात शिरत नाही, वरून जातं. शॉकअॅब्सॉर्बर २०० मिलिमीटर खालीवर होतात. मागच्या चाकाचं एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, तेवढ्यापुरतं बंद करता येतं, कारण खडीवर एबीएस सारखा ब्रेक सोडतं आणि उतारावर गाडी थांबता थांबत नाही. पुढचं चालूच ठेवायचं. बाबा, तुमच्या येझदी मोटरसायकलला किक आणि गिअरचा दांडा एकच होता ना? किक मारून तोच पुढे पाडायचा. तो तुम्ही न बघता पायाने पाडायचात आणि मी टाकीवर बसून बघायचे. इथे बटण दाबलं की इंजिन सुरू होतं, पण पायाने न बघता करायच्या गोष्टी तेवढ्याच आहेत. खडीवर त्या जमायला लागल्या की डोक्यातलं ऑफिस, हप्ते, चिनूची दहावी, सगळं दोन-तीन तास गप्प होतं. नीलेश म्हणतो, योगासनं स्वस्त पडली असती. तो मागे बसतो तेव्हा डोळे मिटून बसतो, त्यामुळे त्याचं मत मी धरत नाही.

माझे नियम ऐका, मग काय म्हणायचं ते म्हणा. अंधार पडायच्या आत मुक्काम, मग पोहोचायचं ठिकाण अर्ध्या तासावर का असेना. पावसाळ्यात शनिवार-रविवारी माळशेज नाही. दरडींपेक्षा धबधब्याखाली गाड्या लावून नाचणाऱ्यांची भीती जास्त. गणपतीत गोवा हायवे नाही. गाडी चालवताना फोन उचलत नाही, कानात काही घालत नाही. लोकेशन नीलेशकडे चालू असतं. थांबेन तिथून मेसेज टाकेन, दर तासाला नाही. आई, दोन तास मेसेज आला नाही तर मी चालवते आहे असं समज. तू फोन करत राहिलीस तर खिशातल्या थरथरण्याने माझं लक्ष जातं, आणि तेच आपल्याला नकोय.

कपड्यांवरून तू हसलीस. ते जाकीट जाळीचं आहे, खांदे, कोपर आणि पाठीत पॅड. ठाण्याच्या मे महिन्यात ते घालून सिग्नलला उभं राहणं म्हणजे शिक्षाच, पण चालती गाडी असली की वारा आरपार जातो. गुडघ्यांना गार्ड, घोट्याच्या वर जाणारे बूट. बूट महत्त्वाचे, एवढी गाडी कलंडली तर आधी घोटाच तिच्याखाली येतो. हेल्मेट तोंड झाकणारं. ते एकदा आपटलं की वरून धडधाकट दिसलं तरी टाकून द्यायचं, कारण आतला थर्माकोल एकदाच दबतो.

रस्ता असा ठरवलाय: पहाटे निघून कळवा, विटावा, ठाणे-बेलापूर रोडने पनवेलकडे. मुंब्रा बायपास मुद्दाम टाळते, रात्रीचे कंटेनर त्या वेळी तिथेच असतात. एक्सप्रेसवेवर आणि अटल सेतूवर दुचाकीला मनाई आहे, तेव्हा त्यांचा प्रश्नच नाही. वडखळला गोव्याचा रस्ता सोडायचा. त्याचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे आणि त्याबद्दल बाबा माझ्यापेक्षा जास्त बोलू शकतात. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, मग आगरदांड्याला फेरीबोट, पलीकडे दिघी. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याला दुसरी बोट आणि उतरलं की वेसवी, म्हणजे आपलीच हद्द. माणगाववरून लवकर झालं असतं, पण दोन बोटींवर आपोआप विश्रांती होते. बोटीत गाडी गिअरमध्ये टाकून साइड स्टँडवर लावायची आणि शेजारी उभं राहून हँडल धरायचं. बागमांडल्याला तुम्हाला मेसेज येईल.

घरी दोन कामं करून ठेवा. फाटकातून आत येताना गटारावर जी माडाच्या खोडाची फळी आहे ती तुमच्या अॅक्टिव्हाला पुरते, मला पुरणार नाही. तिच्याशेजारी आणखी एक टाकून घ्या, आणि दोन्ही हलणार नाहीत अशा. पडवीतले नारळ एका बाजूला सारले तर गाडी आत बसेल. मागे सामानाचे डबे लावल्यावर रुंदी जवळजवळ मीटरभर होते. डब्यांत येताना आईच्या थायरॉइडच्या आणि बाबांच्या बीपीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या असतील. जाताना आमसुलं आणि कुळथाचं पीठ. लोणचं अजिबात नको, मागच्या वेळी रेल्वेत सांडलं तेवढं पुरे.

दुसरं काम बाबांचं आहे. मघाशी म्हटलं ना, तुम्ही चुकीच्या गोष्टींची काळजी करता. मी रोज करते ती काळजी वेगळीच आहे. तुम्ही सकाळी पेपर आणायला अॅक्टिव्हावर निघता, लुंगी, स्लिपर, डोक्यावर टोपी, "इथे कोपऱ्यावर तर जायचंय" म्हणत. त्या कोपऱ्यावर वाळूचे ट्रक वळतात, कुत्री आडवी येतात, आणि तुम्ही बाहत्तर वर्षांचे आहात. तुमचं हेल्मेट माळ्यावर आहे ते दादाच्या कॉलेजातलं, त्याचा पट्टा कधीच तुटलाय. मी येताना आयएसआयचं नवीन आणते आहे. हलकं आहे, समोरची काच वर जाते, देवळापाशी कोणी भेटलं तर न काढता बोलता येईल.

त्यासाठी माप हवं. आईचा शिवणाचा टेप घ्या. भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो सगळ्यात फुगीर भाग आहे त्यावरून गोल, केस दबतील इतपत घट्ट. आईने घ्यायचं, तुम्ही नाही, स्वतःचं घेताना टेप तिरका होतो. दोनदा घ्या आणि जास्त येईल ते सेंटिमीटरमध्ये कळवा. अर्धा सेंटिमीटरसुद्धा सोडू नका, ५८ आणि ५९ला वेगळी साइज बसते. शनिवारी दुकानात जाणार आहे, त्याआधी कळलं तर बरं.

चिनूचा दोघांना नमस्कार.

तुमची,
मीरा