यान वक्री झालेले नाही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीत चंद्राभोवतीच्या दूरच्या कक्षेवर लेख छापलात, याचा आनंद झाला. पण नासाचे 'ओरायन' यान ज्या कक्षेत गेले तिला लेखात 'वक्री कक्षा' म्हटले आहे. त्याच दिवशी शेजारच्या आजींनी विचारले, "सर, यान वक्री व्हयनं, म्हंजे काय वाईट शे का?" राशिभविष्यातला शब्द विज्ञानाच्या पानावर गेला की असे होते. त्यासाठी 'प्रतिगामी' हा शब्द आहे, तो वापरावा.

मंगळ वक्री होतो तेव्हा तो मागे फिरत नाही. आतल्या मार्गाने जाणारी पृथ्वी त्याला मागे टाकते, म्हणून तो मागे सरकल्यासारखा दिसतो. यानाचे तसे नाही. ते चंद्राभोवती खरोखरच फेरा घालते, फक्त चंद्र पृथ्वीभोवती ज्या दिशेने जातो त्याच्या उलट. आणि हे करताना ते चंद्राच्या बरोबरीने पृथ्वीभोवतीही पुढेच जात असते. हे ऐकून विद्यार्थी गोंधळतात, म्हणून नोकरीत असताना मी ते मैदानावर करून घेतले.

ध्वजस्तंभ म्हणजे पृथ्वी. त्याभोवती फक्कीने वर्तुळ आखले आणि एका मुलीला त्यावरून एका चालीने पळायला लावले, शर्यतीत पळतात तसे, डावा हात आत ठेवून. ती चंद्र. यान झालेल्या मुलाचे वर्तुळ थोडे सरकवून आखले, म्हणजे अर्धी फेरी तो तिच्या आतून आणि अर्धी बाहेरून. स्तंभाजवळ आला की जोरात पळायचे, लांब गेला की सावकाश. तो कुठे दिसतो ते तिने ओरडून सांगायचे. "डावीकडे! पुढे! उजवीकडे! मागे! परत डावीकडे!" मुलगा एकदाही उलटा पळाला नाही, तरी तिच्याभोवती त्याची प्रदक्षिणा पूर्ण झाली, तीही मैदानाच्या फेरीच्या उलट दिशेने. मैदानावर चंद्राची ओढ नव्हती. आकाशात ती असते, त्यामुळे यानाचा फेरा आणखी लवकर होतो.

या कक्षेचे मोल तिच्या स्थैर्यात आहे, आणि लेखात नेमके तेच राहिले. चंद्राबरोबर फिरणाऱ्या चौकटीतून पाहिले तर उलट दिशेने जाणाऱ्या यानाचा मार्ग चंद्राकडे वळत राहतो, सुलट जाणाऱ्याचा बाहेर. म्हणून उलट दिशेची कक्षा टिकून राहते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मिशेल एनाँ यांनी १९६० च्या दशकात या कक्षांचे गणित मांडले. याउलट चंद्राच्या अगदी जवळ जमिनीखालच्या जड भागांमुळे ओढ सगळीकडे सारखी नसते. अपोलो १६ ने १९७२ मध्ये सोडलेला छोटा उपग्रह त्यामुळे सुमारे ३५ दिवसांतच चंद्रावर आदळला. आपल्या चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरलाही १०० किलोमीटरवर राहण्यासाठी अधूनमधून कक्षा सुधारावी लागते.

ओरायन २५ नोव्हेंबर २०२२ ला चंद्रापासून सुमारे ७० हजार किलोमीटरवरच्या या कक्षेत शिरले आणि १ डिसेंबरला बाहेर पडले. म्हणजे अर्धाच फेरा झाला. २८ नोव्हेंबरला ते पृथ्वीपासून ४ लाख ३२ हजार किलोमीटरवर होते. चंद्राचे सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार. लघुग्रहावरचा मोठा दगड आणून याच कक्षेत ठेवायचा, ही नासाची योजना २०१७ मध्ये गुंडाळली गेली, पण जागा निवडण्याचे कारण हेच होते: तिथे ठेवलेली वस्तू शंभर वर्षेही टिकू शकते.

हे सगळे एवढ्या आग्रहाने लिहितो, कारण मी चाळीसगावचा. इथून जवळच पाटणे इथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रहगणितात ग्रहांची वक्र गती आकडेमोडीने येते, भीतीने नव्हे. खान्देशातल्या मुलांना 'वक्री' हा शब्द तसाच भेटावा.

पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी आणि सोबत एक आकृती द्यावी: मध्ये पृथ्वी, चंद्राची वाट, तिच्या आत-बाहेर जाणारी यानाची वाट, आणि दोन्हींवर एकाच दिशेचे बाण. मैदानावरची मूळ आकृती माझ्या वहीत आहे, तिची प्रत या पत्रासोबत जोडली आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
चाळीसगाव, जि. जळगाव