आरोग्यमंत्री महोदय, बाळंतपणानंतरच्या तपासणीच्या फॉर्मवर एक प्रश्न वाढवा

मा. आरोग्यमंत्री महोदय,

नमस्कार. विषय अडचणीचा आहे, चारचौघांत कुणी काढत नाही, म्हणूनच उघड लिहितेय.

दुसऱ्या बाळंतपणानंतर मला शिंक आली की लघवी सुटायची. थेंबभर नाही, पॅड लावावं लागायचं. हसताना पण, पोराला पटकन उचलताना पण. सहा आठवड्यांनी तपासणीला गेले तर टाके बघितले, बीपी बघितलं, बाळ दूध पितंय का विचारलं, हे कुणीच विचारलं नाही, शेवटी मीच सांगितलं तर म्हणे होतं असं, आणि हातात एक कागद, केगेल एक्सरसाइज करा, म्हणजे लघवी धरून ठेवणारे खालचे स्नायू आवळायचे आणि सोडायचे. झालं, पुढची पेशंट.

तो कागद वाचून चार महिने मी इमानदारीत व्यायाम केला आणि चुकीचा केला. हे कळलं एका फिजिओथेरपिस्टकडे गेल्यावर. तिने आतून तपासू का असं आधी विचारलं, मग म्हणाली आवळून दाखवा, आणि लगेच, "ताई, तुम्ही खाली ढकलताय, श्वास पण रोखताय." म्हणजे जे स्नायू वर उचलायचे त्यांच्यावरच मी रोज जोर देत होते! गॅस अडवताना कसं आतून वर ओढतो, तसं, पोट आणि मांड्या सैल ठेवून, हे तिने शिकवलं. आणि शिंक येतेय वाटलं की आधी आवळायचं मग शिंकायचं. एवढंसंच, पण कागदावर नव्हतं.

मी एकटीच ढ आहे असं समजू नका. १९९१ च्या एका अमेरिकन अभ्यासात बायकांना हे नुसतं तोंडी सांगून करायला लावलं तर जेमतेम निम्म्याजणींना नीट जमलं, आणि साधारण चौघींतली एक असं काही करत होती की त्रास वाढावा. गंमत म्हणजे ज्यांचं नाव या व्यायामाला आहे ते डॉ. अर्नॉल्ड केगेल १९४८ मध्येच दाब मोजायचं यंत्र वापरत होते, पेशंटला आपलं आवळणं काट्यावर दिसायचं. आपण यंत्र सोडलं, माणूस सोडला, कागद ठेवला.

शिवाय हा व्यायाम सगळ्यांना चालतोच असं नाही. काहींचे हे स्नायू मुळातच ताठ असतात, बसताना, संबंधाच्या वेळी दुखतं, त्यांना सैल सोडायला शिकवावं लागतं, आवळून उलट वाढतं. हे तपासल्याशिवाय कळणार कसं? अंग बाहेर येणाऱ्या बायका आहेत, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी न थांबणारे पुरुष आहेत, ते तर आमच्याहून गप्प.

ब्रिटनमध्ये कुठला उपचार कसा करावा हे सांगणारी नाइस नावाची सरकारी संस्था आहे, तिची गाइडलाइन बघा, खोकताना शिंकताना लघवी सुटत असेल तर आधी किमान ३ महिने कुणाच्या तरी देखरेखीखाली हा व्यायाम, दिवसातून ३ वेळा, दर वेळी किमान ८ दा आवळणं. देखरेखीखाली, हा शब्द महत्त्वाचा. मला पाच महिने लागले पण पॅड सुटलं.

तर बाळंतपणानंतरच्या तपासणीच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा, शिंकताना, हसताना लघवी सुटते का? आणि त्याच हॉस्पिटलात हे शिकलेली फिजिओथेरपिस्ट आणि दार लागेल अशी एक खोली द्या, पडदा नको, पडद्यापलीकडे सगळं ऐकू जातं. ओळ वाढवली आणि पाठवायला कुणी नसलं तर "हो" म्हणणारीच्या हातात परत तोच कागद येईल.

आपली,
दोन पोरांची आई