काकांच्या आजाराबद्दल

वुस्टर, मॅसॅच्युसेट्स
रविवार

ती. काकूस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "यांना नेमकं झालं तरी काय होतं गं?" तेव्हा मला बोलवेना. आज लॅबला सुट्टी आहे, बाहेर बर्फ पडतोय. निवांत लिहिते.

काकांचा मांडव आठव. एका लग्नातले बांबू सोडायचे, की दुसऱ्या दारात तेच उभे. आपल्या प्रत्येक पेशीत असाच मांडव असतो, अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचा. एका टोकाला कण जोडले जातात, दुसऱ्या टोकाला सुटतात. पेशी आकार धरते, सरकते ती त्यामुळेच. सुटलेला कण मात्र ऊर्जा खर्चून रिकामा झालेला असतो. त्याला धरून, पुन्हा भरून, वाढत्या टोकाशी नेऊन देतं ते प्रोफिलिन. जेमतेम १४० अमिनो आम्लांचं (प्रथिनाच्या माळेतले मणीच ते), अ‍ॅक्टिनच्या निम्म्याहूनही लहान. काकांच्या हाताखाली पोरगा असायचा ना, बुडखा-शेंडा बघून बांबू नेमका हातात देणारा? तसं.

हातापायांना हुकूम पोचवणाऱ्या चेतापेशींचा तंतू कण्यापासून पावलापर्यंत, मीटरभर लांब असू शकतो. एवढा पसारा अशाच प्रथिनांच्या सांगाड्यावर उभा. २०१२ साली इथल्याच वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी दाखवलं, की काही घराण्यांत एएलएस, म्हणजे या चेतापेशी मरत जाऊन स्नायू निकामी होण्याचा काकांचाच आजार, प्रोफिलिनच्या जनुकातल्या बिघाडाने होतो. ७१व्या जागचं एकच अमिनो आम्ल बदललं, तरी प्रोफिलिनच्या गुठळ्या होतात, अ‍ॅक्टिनवरची पकड सुटते आणि तंतूची वाढ खुंटते.

अशी घराणी फार थोडी. बहुतेक रुग्णांच्या घरात, आपल्यासारखंच, आधी कुणालाच हा आजार नसतो. म्हणून काकांना प्रोफिलिनमुळे झाला असं मी म्हणणार नाही. पण अशा रुग्णांच्याही चेतापेशींत स्टॅथमिन-२ हे दुसरं लहान प्रथिन घटलेलं असतं, असं २०१९ साली दिसलं. तेही सांगाड्याचीच, पण त्यातल्या दुसऱ्या प्रकारच्या खांबांची, देखभाल करतं. ते परत वाढवणाऱ्या औषधावर काम चालू आहे, आणि त्या बातमीची मी रोज वाट बघते.

शर्टाची बटणं लागेनाशी झाली तेव्हाच मालिश सुरू करायला हवी होती, असं तू मनाला लावून घेतलंयस. काकू, बिघाड पेशीच्या आत होता. तिथं कुणाचाच हात पोचला नसता. तेल लावल्यावर त्यांना झोप लागायची, ती मात्र तुझ्याच हातांमुळे.

मे महिन्यात येतेय. दादाला आशीर्वाद नको, नमस्कार सांग. माझ्याहून मोठाच आहे तो.

तुझी,
धाकटी