गोल्फचा सराव : मॅटऐवजी फक्कीची रेघ

महोदय,

गोल्फच्या सरावावर आपल्या क्रीडा पानात आलेल्या मजकुरात नवशिक्यांना 'रोज शंभर चेंडू मारा' असा सल्ला आहे. नुसते चेंडू मारून स्विंग, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) फिरवण्याची ढब, सुधारत नाही, असलेली चूक पक्की होते. त्यात ड्रायव्हिंग रेंजवरची (सरावाच्या मैदानावरची) मॅट चूक झाकायला पटाईत. क्लब चेंडूच्या दोन इंच मागे आपटला तरी मॅटवरून घसरत पुढे येतो आणि चेंडू बरा उडतो. गवतावर तोच फटका मातीत रुततो.

तेव्हा रेंज लांब आहे म्हणून आमच्याकडच्या पोरांनी हळहळू नये. मुरमाड जागेवर चाळलेल्या मातीचा दोन-तीन बोटं थर द्यावा, पाणी शिंपडून चोपावा. काळं वावर नको. ओलं असताना माती क्लबला चिकटते, उन्हाळ्यात भेगा पडतात. चाळायचा कंटाळा केला तर खड्यांनी क्लबचं पातं खरवडतं. मग कबड्डीच्या मैदानाला आखतात तशी फक्कीची दोन-तीन मीटर रेघ ओढावी, लक्ष्याच्या दिशेशी काटकोनात. रेघ दोन पायांच्या मधोमध येईल असं उभं राहून, चेंडू न ठेवता, सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी पात्याच्या क्लबने) स्विंग करावा आणि दर वेळी थोडं मागे सरकावं. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या क्लबचा मातीवरचा ओरखडा रेघेवर सुरू होऊन डावीकडे जायला हवा. उजवीकडे उमटला तर वजन मागच्या पायावरच राहिलं, नाहीतर चेंडू उचलायच्या नादात मनगटं आधीच सुटली. चेंडू वर चढवायचं काम तिरक्या पात्याचं आहे, हातांचं नाही. दहातले सात ओरखडे जागेवर पडेपर्यंत चेंडू पिशवीतच बरे. ड्रायव्हरला, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबला, मात्र हा नियम लावू नये. त्याचा चेंडू टीवर (जमिनीत रोवलेल्या खुंटीवर), डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत असतो आणि क्लब वर चढताना लागतो.

दुसरी तक्रार स्लाइसची. टेनिस बॉल क्रिकेटमधून आलेल्यांची तर हमखास. चेंडू उजवीकडे वळतो म्हणून डावीकडे तोंड करून उभं राहणं हा उलटा इलाज. चेंडू निघतो मुख्यतः पातं जिकडे बघतं तिकडे. वळतो तो पातं आणि क्लबचा मार्ग यांतल्या फरकामुळे. डावीकडे वळून उभं राहिलं की मार्ग आणखी बाहेरून आत येतो, वळण वाढतं. आधी पकड पाहावी : वरून डाव्या मुठीचे दोन-तीन सांधे दिसले पाहिजेत. मग चेंडूच्या वीतभर मागे, पलीकडच्या बाजूला चार बोटं सोडून प्लास्टिकची रिकामी बाटली ठेवावी. क्लब बाहेरून आला की बाटली उडते, कोणी सांगायला लागत नाही.

चेंडू सुमारे ४६ ग्रॅमचा, पण टणक. कापसाची वेचणी चालू असलेल्या वावराकडे तोंड करून मारू नये. जाळी नसेल तर रेघेवरच थांबावं.

– एक गोल्फ प्रशिक्षक, जि. यवतमाळ