मंत्रीसाहेब, कोर्स सोडायची वाट पण सरळ करा

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,

नमस्कार साहेब. मी नागपूरची, बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. नीटचा स्कोअर आला नाही, आणि आमच्याकडे नीट नाही झालं की बीएस्सीला टाकतात, तशी मी पण आली. पहिलं सेमिस्टर निघालं, एकाही विषयात बॅक (नापास) नाही, म्हणून घरचे विचारतात की मग सोडायचं काहून? प्रॅक्टिकलला पेट्री डिश समोर येते, तीत वाढलेल्या जंतूंच्या कॉलनी मोजते, जर्नल लिहिते, सही घेते, आणि त्यातलं पुढे काही जाणून घ्यावंसं वाटतच नाही. बाबा कळमन्याच्या धान्य-भाजी बाजारात एका अडत्याकडे कामाला आहेत, सुट्टीत तिथे हिशेब लिहायला बसली की हमाली तोलाई वजा करून शेतकऱ्याच्या हातात किती पडले याचा मेळ लागेपर्यंत मी जेवायला पण उठत नाही. मला बीकॉम करायचंय.

सोडू की नको हा निर्णय माझा आहे, तो तुम्ही घ्या असं मी म्हणत नाही. पण साहेब, तो विषयावरून घेता यायला पाहिजे, आणि आज तो फी आणि टीसीवरून (कॉलेज सोडल्याच्या दाखल्यावरून) घ्यावा लागून राहिला.

यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, 2018 चा रिफंडचा नियम बघा. ॲडमिशनच्या शेवटच्या तारखेनंतर 15 दिवसांत सोडलं तर 80 टक्के फी परत, 15 ते 30 दिवसांत 50 टक्के, त्यानंतर शून्य. आता तुम्हीच सांगा, तीस दिवसांत कोणत्या पोरीला कळेल की हा विषय आपला नाही? तोवर धड टाइमटेबल बसलेलं नसतं, पहिली इंटर्नल पण झालेली नसते. कळतं तेव्हा रिफंडची खिडकी बंद झालेली असते, आणि आईने बचत गटातून उचललेले पैसे वाया कसे घालवू म्हणून पोरं तीन वर्षं तिथंच काढतात. सगळी फी परत द्या असं मी म्हणतच नाही, सरांनी शिकवलं, सीट रिकामी राहते, ते समजतं मला. पण पहिल्या सेमिस्टरच्या निकालानंतर 15 दिवस तरी द्या आणि पुढच्या सेमिस्टरच्या वाट्याची फी परत करा, एवढं शासनाने कॉलेजांना सांगावं.

दुसरं टीसीचं. ऑफिसात विचारलं तर खिडकीतूनच उत्तर आलं, तिन्ही वर्षांची फी भर, मग टीसी आणि ओरिजिनल मार्कशीट ने. त्याच 2018 च्या नियमात लिहिलंय की ओरिजिनल कागद कॉलेजला अडवून ठेवता येत नाहीत, आणि जे सेमिस्टर किंवा वर्ष शिकतोय त्याच्यापुढची फी मागता येत नाही. मी हे फोनवर उघडून दाखवलं तर म्हणे, ते दिल्लीचं आहे, इथे नाही चालत. माझ्या मागे लाइनमध्ये उभी असलेली पोरगी हे ऐकून न विचारताच परत गेली, तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही.

आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणात तर एक वर्ष करून सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं, पास झालेल्या पेपरांचे क्रेडिट क्रेडिट बँकेच्या ऑनलाइन खात्यात सात वर्षांपर्यंत राहतात, हे आम्हाला इंडक्शनमध्ये स्लाइड लावून सांगितलं होतं. मग इंग्रजी आणि पर्यावरणाचे जे पेपर बीएस्सी बीकॉम दोघांना आहेत त्यांचे माझे क्रेडिट तिकडे धरतील का? महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची स्कॉलरशिप नव्या कोर्सला चालू राहील का? याचं लेखी उत्तर देणारा एक माणूस प्रत्येक कॉलेजात नेमा, नाव आणि फोन नंबरसकट नोटीस बोर्डावर लावा. घरी बाबांना समजवायला मला तोच कागद लागेल, माझ्या बोलण्यावर ते नाही मानणार आणि त्यात त्यांची चूक नाही, पैसा त्यांच्या अंगमेहनतीचा आहे.

दुसऱ्या सेमिस्टरचे परीक्षा फॉर्म सुटायच्या आधी टीसीबद्दलचं एक पत्रक कॉलेजांना गेलं तरी या वर्षी अडकलेल्या बऱ्याच पोरांचं काम होईल.

आपली,
एक विद्यार्थिनी, नागपूर