कोड उडवण्याआधी तो लिहून तरी घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर गाडीची काय काळजी घ्यावी, याची माहिती आपल्या पुरवणीत दरवर्षी येते. वायपर, टायर, ब्रेक, बॅटरी, सगळे त्यात असते. पण जी गाडी गॅरेजमध्ये शहाण्यासारखी वागते आणि घाटात मान टाकते, तिचे काय करायचे, हे कुठे वाचायला मिळत नाही. आम्हा चिपळूणकरांना कऱ्हाडला जायचे म्हटले तरी कुंभार्ली घाट चढावा लागतो. म्हणून हे जरा लांबलेले पत्र. जागेअभावी कापावे लागले तर मधला कायद्याचा भाग तेवढा ठेवावा.

माझी पेट्रोल गाडी जुनी आहे, पण म्हातारी नाही. गेल्या हिवाळ्यापासून तिने एक खोड धरली. गावात दिवसभर फिरवा, काही नाही. पोफळी मागे पडली, चढ लागला आणि इंजिन चांगले तापले की एखाद्या वळणावर बंद. ना आधी धक्के, ना मिस मारणे, ना डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा. बॉनेट उघडून थोडा वेळ उभे राहिले की पहिल्या सेल्फला चालू, जणू काही झालेच नाही. मागून उसाचा ट्रक येत असताना इंजिन बंद पडले की स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला इंजिनाकडून मिळणारे बळ एक-दोन दाबांपुरतेच उरते. अशा वेळी पेडल पुन्हा पुन्हा न मारता एकदाच दाबून धरावे आणि गाडी थांबेपर्यंत किल्ली काढू नये, कारण किल्ली निघाली की स्टिअरिंग लॉक होऊ शकते. हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मला कोणी शिकवले नव्हते, आजही किती ठिकाणी शिकवतात कोण जाणे.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. काउंटरवरच्या सल्लागाराला सगळे सविस्तर सांगितले: चढावर, इंजिन तापल्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये बंद पडते, थंड झाली की चालू होते. जॉब कार्डवर उमटले ते एवढेच: ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम चेक’. मागे शेडमध्ये काम करणाऱ्या फिटरच्या हाती हे तीन शब्द पडले. त्याने सकाळी थंड इंजिनाला सेल्फ मारला, गाडी चालू झाली, नाक्यापर्यंत ट्रायल घेतली, परत आणली. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? त्याला घाट कोणी सांगितलाच नव्हता.

मग सुरू झाले सुटे भाग बदलणे. आधी प्लग, मग इग्निशन कॉइल, मग थ्रॉटल बॉडीची सफाई, शेवटी फ्युएल पंप. प्रत्येक वेळी ‘आता त्रास देणार नाही सर’, आणि प्रत्येक वेळी घाटात तोच प्रकार. बाहेरच्या एका गॅरेजवाल्याने ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलकडे बोट दाखवले. जुन्या गाड्यांच्या मालकांना इथेनॉलबद्दल शंका आहेत आणि त्या सगळ्याच निराधार नाहीत. पण संशय पेट्रोलवर असेल तर फ्युएल लाइनला प्रेशर गेज लावा, गाडी तापवा, प्रेशर पडते का ते दाखवा. तेवढा उपद्व्याप कोणी केला नाही. नवीन पंप बसवायला मात्र सगळे तयार.

या सगळ्यात मला सर्वांत खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. एका खेपेला सल्लागार सहज बोलून गेला, ‘स्कॅनरवर एक जुना कोड दिसत होता, उडवला आम्ही.’ कोणता कोड? त्याला आठवेना. फिटरला विचारले, त्याने लिहून घेतला नव्हता. आता हे नेमके काय उडवले, ते वाचकांना सांगायला हवे. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. तिथे स्कॅनर लावला की गाडीच्या कॉम्प्युटरने टिपलेले बिघाडांचे कोड वाचता येतात. कोडबरोबर बहुधा त्या क्षणाची नोंदही असते: इंजिनचे फेरे किती, वेग किती, पाण्याचे तापमान किती. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. अधूनमधूनच डोके वर काढणाऱ्या बिघाडात हाती लागणारा पुरावा बहुतेक वेळा एवढाच. कोड उडवला की ही नोंदही जाते, बऱ्याच गाड्यांत बॅटरीची तार काढली तरी जाते. न वाचता कोड उडवणे म्हणजे पंचनाम्याआधी घटनास्थळ धुऊन काढणे.

आणि कोड नसला म्हणजे बिघाड नाही, असेही नसते. ही यंत्रणा मुळात धुराचे प्रदूषण वाढते का यावर नजर ठेवण्यासाठी आली. ढिला कपलर (तारांचा जोड), गंजलेले अर्थिंग, गरम झाल्यावर सुटणारा रिले (विजेचा स्विच) यांची ती दरवेळी दखल घेतेच असे नाही. ‘स्कॅनर क्लिअर दाखवतोय, गाडी ओके आहे’ हे वाक्य म्हणून ऐकून घेऊ नये.

बिघाड शेवटी सापडला तो एका पत्र्याच्या शेडमधल्या वायरमनला. त्याने बॉनेटला हातही न लावता विचारले, ‘काका, बंद पडताना आरपीएमचा काटा कसा पडतो? हळूहळू की एकदम?’ माझे लक्ष रस्त्यावर असते, त्यामुळे उत्तर सौभाग्यवतीने दिले: गाडी अजून पुढे सरकत असते आणि इंजिनचे फेरे दाखवणारा तो काटा आधीच शून्यावर आपटलेला असतो. ‘मग पेट्रोल नाही हे,’ तो म्हणाला. पेट्रोल कमी पडले तर इंजिन गळपटत जाते आणि काटाही त्याच्या चालीने खाली येतो. इथे चाके इंजिनाला फिरवत असतानाच काटा मेला होता. म्हणजे इंजिन फिरते आहे हे सांगणारा क्रँक सेन्सरच गप्प होत होता. तो गप्प झाला की कॉम्प्युटर ठिणगीही थांबवतो आणि पेट्रोलही.

एवढ्यावर त्याने सेन्सर बदलला नाही, याचे मला विशेष वाटते. मीटर आणि पाण्याची बाटली घेऊन तो आमच्याबरोबर घाटात आला. गाडी बंद पडल्यावर फ्लायव्हीलजवळचा कपलर काढून सेन्सरच्या दोन पिनांवर मीटर धरले, काहीच दाखवेना. सेन्सरवर ओले फडके ठेवले, थोड्या वेळात मीटरवर आकडा आला आणि गाडी चालू झाली. आत तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते. कुठेतरी तुटलेली तार तापल्यावर उघडते, निवल्यावर पुन्हा टेकते. नवा सेन्सर बसवला. त्याची किंमत त्या फ्युएल पंपाच्या तुलनेत किरकोळ होती. शोधण्याचे किती, म्हणून विचारले तर म्हणाला, ‘बघायचे कसले पैसे?’

माझ्या मते दुखणे इथेच आहे. बघायचे पैसे कोणी मागत नाही आणि आपणही ते देत नाही. ‘नुसतं बघितलं आणि पाचशे घेतले’ अशी तक्रार गावभर करणारे आपणच. मग गॅरेजवाल्याने कमवायचे कशातून? पार्ट विकण्यातून. शोधायला दोन तास घालवणाऱ्याला शून्य आणि अंदाजाने पंप बदलणाऱ्याला लेबर अधिक मार्जिन, असा हिशेब असल्यावर शोधणार कोण?

कायद्याचे बोलायचे तर नुसत्या तक्रारीने भागत नाही, कागद लागतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेची तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. पण ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम चेक’ लिहिलेल्या कार्डावरून आयोगापुढे घाट कसा सिद्ध करणार? म्हणून आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घेतल्याशिवाय कार्डावर सही करू नये. काढलेला जुना भाग परत मागावा. गाडी बंद पडताना शेजारच्या माणसाने मोबाइलवर डॅशबोर्डचे चित्रण केले तर उत्तम.

लहान गॅरेजवाल्यांची बाजूही सांगायला हवी. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टु रिपेअर’ पोर्टल काढले, त्यातही वाहन क्षेत्र आहे. आमच्या वायरमनकडे मात्र आजही मीटर, ओले फडके आणि डोके एवढेच आहे.

माझी मागणी साधी आहे. स्कॅनर लावल्यावर दिसलेला प्रत्येक कोड, फ्रीझ फ्रेमसह, उडवण्याआधी जॉब कार्डला जोडावा. तपासणीचा तासाचा दर वॉशिंग आणि ऑइल बदलण्याच्या दरांशेजारी बोर्डावर लावावा. ज्याला परवडेल तो देईल, मी तरी देईन. वर्कशॉप चालवणाऱ्या वाचकांना यात काही अडचण दिसत असेल तर त्यांनी ती याच सदरात जरूर कळवावी.

आपला,
एक वाचक, चिपळूण