छोट्या गाडीला एलपीजी परवडतो का?

महोदय,

पेट्रोल महागले की ‘एलपीजी किट बसवून टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. मोठ्या गाडीला तो लागू पडेलही. पण १०० किलोमीटरला ५ लिटर पेट्रोल लागणाऱ्या छोट्या गाडीत मुळात वाचण्यासारखे उरते किती? किटचा खर्च मात्र जवळपास मोठ्या गाडीइतकाच. १० लिटर पिणारी गाडी तो जेवढ्या अंतरात वसूल करते, त्याच्या दुप्पट अंतर छोट्या गाडीला कापावे लागते. शिवाय लिटरमागे एलपीजीत ऊर्जा कमी. ५ लिटरच्या जागी सहा-सव्वासहा लिटर गॅस जातो.

माझ्या गाडीत टाकी स्टेपनीच्या जागी बसली, स्टेपनी डिकीत आली आणि सामान मागच्या सीटवर. गाडी सुरू होते पेट्रोलवरच, इंजिन तापल्यावर गॅसवर जाते. माझे ऑफिस जेमतेम चार किलोमीटरवर, त्यामुळे थंडीत निम्मी वाट पेट्रोलवरच सरते. रोजचा लांबचा प्रवास असेल त्यांनी जरूर विचार करावा. किट मात्र अधिकृत ठिकाणीच बसवा, नोंदणीत आणि विम्यात बदल करून घ्या. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळला की खालीच साचून राहतो.

– एक वाचक